टायमिंग बेल्ट तुटला, हेडचं काम झालं, तरी गाडी थरथरते. आता इंजेक्टर बदलायचे का?

कागलच्या एका गृहस्थांनी विचारलंय. २०१४ ची डस्टर, ८५ पीएसवाली डिझेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून हायवेला शंभरच्या पुढे, एसी लावून येताना किणी टोलनाक्याच्या अलीकडे चालत्या गाडीत टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) तुटला. ओढून गॅरेजला नेली, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरलं, आठही व्हॉल्व्ह नवे पडले, बेल्टचा किट, वॉटर पंप, हेड गॅस्केट सगळं नवं. तीन आठवडे आणि सत्तर हजार रुपये गेले. गाडी चालू झाली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, आयडलिंगला स्टिअरिंग थरथरतं, पांढरा धूर येतो, पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरवर रखडते आणि अ‍ॅव्हरेज १८ वरून १३ वर आलंय. गॅरेजवाले आता म्हणतात, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेलेत, अजून साठ हजार घाला. घालू का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आत्ता घालू नका. नंतर कदाचित एखादा घालावा लागेलही, पण आत्ता नाही. का, ते सांगतो.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपला व्हॉल्व्ह सीट कापत हा धंदा शिकलो, मग स्वतःचं गॅरेज टाकलं. सत्तावीस वर्षं झाली. बेल्ट तुटलेली गाडी वर्षाला दहा-बारा तरी येतात, आणि त्यातल्या निम्म्या दुसरीकडे काम होऊन, "तरी बी नीट चालंना" म्हणून आलेल्या असतात. अशा गाडीच्या मालकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला: बेल्ट तुटायच्या पाच मिनिटं आधी गाडी कशी चालत होती? तुमचं उत्तर मला तुमच्या लिहिण्यातच मिळालं. हायवेला शंभरच्या पुढे, एसी लावून, अ‍ॅव्हरेज १८. म्हणजे त्या घडीला चारही इंजेक्टर ठणठणीत होते. बेल्ट तुटला की याच बेल्टवर फिरणारा हाय प्रेशर पंपही थांबतो, डिझेलचा दाब पडतो. इंजेक्टरला मार बसायचं काही कारणच उरत नाही. मग चारही एकाच दिवशी कसे मेले?

मार बसतो तो दुसऱ्या माणसांना. व्हॉल्व्ह, त्यावर बसणारा टॅपेट, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, पिस्टन आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. यातल्या व्हॉल्व्हचं काम तुमच्याकडे झालं. बाकीच्यांची विचारपूस कुणी केली का, हा खरा प्रश्न आहे.

बेल्ट तुटतो तेव्हा आत काय होतं ते जरा डोळ्यासमोर आणा. इंजिन २,००० आरपीएमवर असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरवलेला इंजिनचा मुख्य दांडा, सेकंदाला तेहतीस फेरे मारतो. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन वर येऊन त्यांना ठोकतात. इंजिन बंद पडलं तरी गाडी गिअरमध्ये असते, त्यामुळे चाकंच क्रँकला फिरवत राहतात. तुम्ही क्लच दाबेपर्यंत ही ठोकाठोक चालू. (या इंजिनात ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंपही कॅमच्या टोकाला असतो. त्यामुळे दोन-तीनदा दाबल्यावर तुमचा ब्रेक दगडासारखा झाला असेल, आणि त्या गडबडीत क्लचचं कुणाला सुचतंय.) वेग किती होता, कुठल्या गिअरला होता, क्लच कधी दाबला, यावर नुकसान ठरतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचं पंचवीस हजारांत निभावलं आणि तुमचं का नाही, याला उत्तर नसतं.

आता दुसरी गोष्ट. पेट्रोलच्या पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह तिरके बसवलेले असतात. पिस्टन लागला की व्हॉल्व्हची दांडी वाकते आणि धक्का तिथंच संपतो. तुमच्या १,४६१ सीसीच्या डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह सरळ उभे आहेत, पिस्टनच्या बरोब्बर डोक्यावर. उभ्या दांडीला बाजूला वाकायला वाव कमी. धक्का वर टॅपेटला आणि कॅमला जातो, आणि तितकाच खाली पिस्टनमधून रॉडला. हेड टेबलावर आलं की वाकलेला व्हॉल्व्ह कुणालाही दिसतो. वाकलेला रॉड दिसत नाही, कारण तो ब्लॉकच्या आत पिस्टनखाली लपलेला असतो. वरून दिसतं ते पिस्टनचं डोकं, त्यावर व्हॉल्व्हचा अर्धचंद्रासारखा वळ. मिस्त्री त्यावरून बोट फिरवतो, "किरकोळ आहे" म्हणतो आणि हेड चढवतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेलीय आणि पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. गाडी सकाळी थंड असताना जास्त वाईट चालते की तापल्यावर? सकाळी खराब आणि दहा किलोमीटरनंतर बरीच सुधारते, असं असेल तर कुठंतरी कॉम्प्रेशन (पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब) थोडं कमी आहे किंवा थंड इंजिन पेटायला मदत करणारे हीटर प्लग गेलेत, असा माझा पहिला अंदाज. उलट सकाळी बरी आणि गरम झाल्यावर जास्त थरथरते, गरम गाडी बंद करून लगेच सेल्फ मारला तर घेत नाही, असं असेल तर माझा संशय टॅपेटवर. धूर पांढरा म्हणताय, त्याचा वासही घ्या. डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल पडतंय पण पेटत नाही. गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघायला हवं.

अंदाज एवढेच. यापुढे मोजायला लागतं.

सगळ्यात आधी कॉम्प्रेशन. हीटर प्लग काढून त्या भोकातून गेज लावतात. डिझेलचं गेज वेगळं असतं, पेट्रोलचं लावलं तर त्याचा काटा पहिल्याच फेऱ्यात कामातून जातो. तेव्हा गॅरेजला डिझेलचं गेज आहे का एवढं आधी विचारा. हीटर प्लग जुने असतील तर इंजिन कोमट असतानाच काढा, थंड हेडमधून जोर लावून काढताना ते मोडतात आणि मग वेगळंच लचांड मागं लागतं. बॅटरी भरलेली हवी, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले हवेत आणि चारही सिलिंडरला सेल्फ सारखाच वेळ मारायचा. आकडे कागदावर लिहून घ्या. डिझेलला वीस-पंचवीस बारच्या घरात आकडे येतात. चारही एकमेकांच्या जवळ आहेत का, हे नुसत्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. दोन-अडीच बारचा फरक मी चालवून घेतो. त्यापुढे गेला की कारण शोधतो.

चारही सारखेच कमी आले तर टायमिंग एखाद्या दातानं हुकलंय का ते बघा. शेजारशेजारचे दोनच कमी आले तर त्या दोघांमधलं गॅस्केट. एकच कमी आला तर त्या एका सिलिंडरची पूर्ण चौकशी. आणि चारही चांगले, सारखे आले, तरच इंजेक्टरचं नाव घ्यायचं.

एक कमी आला की आम्ही त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणतो, इंजिन फिरू नये म्हणून गिअर टाकतो, आणि त्याच हीटर प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा सोडतो. मग नुसतं ऐकायचं. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. एअर फिल्टरच्या पाइपातून आला तर इनलेट. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा. कूलंटच्या डब्यात बुडबुडे आले तर गॅस्केट. थोडी हवा रिंगांतून जातेच, तिला घाबरायचं नाही. पण कॉम्प्रेशन कमी आहे आणि हवा मात्र कुठूनच विशेष जात नाही, असं झालं तर? इथं भलेभले मिस्त्री गोंधळतात आणि इंजेक्टरवर येतात. हवा जात नाही म्हणजे भांडं गळत नाही. तरी दाब कमी, म्हणजे पिस्टन पुरता वर येत नाही. म्हणजे रॉड आखूड झालाय. म्हणजे वाकलाय.

गडहिंग्लजकडची एक गाडी अशीच आली होती, याच इंजिनाची. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, एका ठिकाणी दोन इंजेक्टरही बदललेले. आकडे आले २६, २५.५, २२ आणि २६. चार बार कमी, फार काय वाटत नाही, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नव्हतं. हवा सोडली तर कुठून काही नाही. मालकाला म्हटलं, हेड पुन्हा उतरवावं लागेल. तोंड उतरलं बिचाऱ्याचं. हेड निघाल्यावर मी त्याला जवळ बोलावून बोटानं दाखवलं: बाकीच्या तिन्ही सिलिंडरच्या वरच्या कडेला काजळीची बारीक रेघ, आणि तिसऱ्या नंबरच्याला मात्र तीच काजळी चांगल्या रुंद पट्ट्याएवढी. रिंग जिथपर्यंत वर येते तिथपर्यंत भिंत पुसली जाते. त्याच्यावर काजळी राहते. पट्टा रुंद म्हणजे तो पिस्टन तेवढा खाली राहतोय. मग डायल गेज लावला. बाकीचे तिन्ही पिस्टन टीडीसीला ब्लॉकच्या पृष्ठभागापासून जवळपास सारखेच, तिसऱ्या नंबरचा सात दशांश मिलिमीटरनं खाली.

सात दशांशानं एवढा फरक कसा पडतो, याचा हिशेब सोपा आहे. या इंजिनाचा स्ट्रोक ८०.५ मिलिमीटर. सोळा-सतरा पटींनी हवा दाबायची असं धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर वर उरलेली सगळी जागा एकत्र केली तर सरासरी पाच मिलिमीटर उंचीची भरते. त्या पाचात पाऊण मिलिमीटर वाढला की दाबाचा सातवा-आठवा हिस्सा गेलाच. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. थंडीच्या सकाळी तोच एक सिलिंडर उशिरा पेटतो, पांढरा धूर टाकतो आणि बाकीचे तिघं त्याला ओढत बसतात. इंजिन तापलं की तो शहाण्यासारखा वागायला लागतो. त्या गडहिंग्लजच्या गाडीत एक रॉड, त्या सिलिंडरच्या रिंगा आणि बेअरिंग एवढ्यात काम झालं. बदललेले दोन इंजेक्टर मात्र त्याचे फुकटच गेले.

रॉडचं एवढं सांगितलं म्हणून तुमचाही रॉडच वाकलाय असं धरून चालू नका. माझ्या अनुभवात याहून जास्त वेळा सापडते ती टॅपेटची भानगड, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ही चूक माझ्या हातूनही झालीय.

तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, आपोआप गॅप भरून काढणारे. इथं टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हवर ठेवलेली उपडी वाटी. कॅम त्या वाटीवर घासतो. कॅम आणि वाटी यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, इनलेटला साधारण दोन दशांश मिलिमीटर, एक्झॉस्टला चार दशांशाच्या आसपास. नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा. वहीचा एक कागद जवळपास एक दशांश जाड असतो, म्हणजे बोलतोय ते दोन आणि चार कागदांबद्दल. ही फट कमी-जास्त करायला स्क्रू नसतो. वेगवेगळ्या जाडीच्या वाट्या मिळतात, त्यातली योग्य निवडून घालायची.

आता हेडचं काम होतं तेव्हा बघा काय घडतं. नवा व्हॉल्व्ह येतो, मशीन शॉपमध्ये सीट नव्यानं कापली जाते. सीट जेवढी खोल कापली तेवढा व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो, आणि त्याची दांडी दुसऱ्या बाजूनं तेवढीच वर, कॅमच्या दिशेनं सरकते. सीट दोन कागदांएवढी जास्त कापली गेली की इनलेटची फट संपली. मिस्त्रीनं जुन्या वाट्या नंबर टाकून नीट ठेवलेल्या असतात, ज्याच्या जागी त्या. तो मोठ्या इमानदारीनं त्याच परत बसवतो आणि त्याला वाटतं, आपण काम चोख केलं. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसतो. तापला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांबतो, वर जायला जागा नसते, मग तो सीटवरून केसभर उचललेलाच राहतो. कॉम्प्रेशन जातं. शिवाय व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर जाते. टेकलाच नाही तर काही हजार किलोमीटरमध्ये त्याची कड जळते आणि हेड पुन्हा उतरतं.

गॅरेज टाकून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका डिझेल गाडीचं हेड मी असंच केलं, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न लावता. गाडी झोकात चालू झाली, मालक रत्नागिरीला निघाला आणि आंबा घाटात गाडीनं दम टाकला. टेम्पोनं परत आली. आमच्या वस्तादांकडे हेड घेऊन गेलो. त्यांनी काही न बोलता हेड आडवं टेबलावर ठेवलं, कॅमचा उंचवटा ज्या व्हॉल्व्हवर नव्हता त्यांच्याच पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतलं आणि म्हणाले, "चला, चहा पिऊन येऊ." परत आलो तर दोन सिलिंडरचे चेंबर ओले. "तुझ्या कॅमनं दाबून ठेवलेत रे," एवढंच म्हणाले. कॅम काढून पुन्हा रॉकेल ओतलं, तर थेंब नाही. त्या दिवसापासून कॅम बसवल्यावर आठही ठिकाणी फीलर गेज फिरवल्याशिवाय मी हेड गाडीवर चढवत नाही, आणि गॅप कागदावर लिहून मालकाला देतो.

तुमच्यासाठी यातली सोयीची बाजू अशी की टॅपेटची फट मोजायला हेड काढावं लागत नाही. वरचं कव्हर काढायचं, इंजिन हातानं फिरवत एकेक फट मोजायची. थंड इंजिनावर, दोन तासांचं काम. एखाद्या ठिकाणी गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत जात नसेल तर रोग सापडला. योग्य वाटी मिळत नाही म्हणून काही जण व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक घासून देतात. ते करू देऊ नका. टोकाचा कडक केलेला थर पातळ असतो, तो गेला की खालचं मऊ पोलाद खाल्लं जातं.

टायमिंगबद्दल थोडक्यात. क्रँकच्या पुलीला वीस दाते धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे अठरा अंश. एवढं चुकलं तरी गाडी चालू होऊ शकते, पण चारही सिलिंडर मलूल असतात. गाडीचा कंप्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ जमत नाही असा कोड आला तर इथंच थांबायचं. या इंजिनाला कॅम आणि क्रँक दोन्ही जागच्या जागी अडकवायच्या पिना असतात. व्हाइटनरच्या खुणा करून बसवलेला बेल्ट मला चालत नाही, विशेषतः जुना बेल्ट तुटलेलाच असताना. खुणा कशाच्या बघून केल्या? पिना लावून बसवा, मग पिना काढून हातानं दोन फेरे फिरवा आणि पिना पुन्हा बसतात का बघा. गॅरेजवाल्यांना विचारा, पिना कुठल्या वापरल्या, दाखवा. असतील तर तो कौतुकानं दाखवेल.

आता इंजेक्टर. ते हेड काढताना निघाले, म्हणून तिथं दोन-तीन चुका होऊ शकतात आणि त्या स्वस्तात निस्तरतात. पहिली म्हणजे इंजेक्टरच्या बुडाशी असलेला तांब्याचा वॉशर. तो दर वेळी नवा घालायचा असतो. जुना घातला तर तिथून दाब निसटतो, चुक-चुक असा आवाज येतो आणि इंजेक्टरच्या भोवती डांबरासारखा काळा थर जमतो. बॉनेट उघडून टॉर्चनं बघा, तुम्हालाही दिसेल.

दुसरी चूक जास्त गमतीची. इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं आणि आकडे कोरलेला कोड असतो. कारखान्यात तो इंजेक्टर तपासला तेव्हा तो किती डिझेल सोडतो याची ती नोंद. गाडीच्या कंप्युटरला कुठल्या सिलिंडरला कुठल्या कोडचा इंजेक्टर आहे हे माहीत असतं आणि तो त्याप्रमाणे डिझेल मोजतो. इंजेक्टरची अदलाबदल झाली आणि कोड तसेच राहिले तर इंजिन खडखडतं. बहुतेक गाड्यांत एक नंबरचा सिलिंडर बेल्टच्या बाजूनं मोजतात, आमच्या हाताला तीच सवय. रेनॉच्या या इंजिनात एक नंबर मोजतात फ्लायव्हीलच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूनं. सवयीनं मोजलं की एकचा चार आणि दोनचा तीन झाला. स्कॅनरवर कोड वाचायचे, इंजेक्टरवरचे कोरलेले वाचायचे, जुळवायचे. दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी काहीही खोलावं लागत नाही. खरं तर मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात इथूनच केली असती. मग टॅपेटची फट, मग कॉम्प्रेशन, मग हवा. फुकटाकडून खर्चाकडे जायचं.

एवढं सगळं ठीक निघालं तर मात्र इंजेक्टर काढून बेंचवर टेस्ट करून घ्या, चारही, आणि रिपोर्ट मागा. जो नापास होईल तो बदला. इतक्या किलोमीटरला एखादा थकलेला निघूही शकतो, पण त्याचा बेल्टशी संबंध नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. बेल्ट तुटला कशानं? किलोमीटर किंवा वर्षं उलटून गेली असतील तर तो वयानं गेला, म्हणता येईल. पण या इंजिनात मी वेगळंही पाहिलंय. पुढचा ऑल्टरनेटर आणि एसीचा पट्टा जुना होऊन त्याचे धागे सुटतात, ते क्रँकच्या पुलीमागून टायमिंग कव्हरच्या आत शिरतात आणि टायमिंग बेल्टखाली जाऊन त्याला उडवतात. कधी कॅमच्या सीलमधून ऑइल गळून बेल्ट फुगलेला असतो. कधी बेल्टला आधार देणाऱ्या आयडलर पुलीचं बेअरिंग जाम झालेलं. तुटलेला बेल्ट गॅरेजवाल्यांनी टाकला नसेल तर मागून घ्या. दाते सोलून निघालेत की आडवा फाटलाय की कडेनं कुरतडलाय, यावरून बरंच कळतं. पुढचा पट्टा बिलात नसेल तर तो आजच बदला, फार पैसे लागत नाहीत. आणि क्रँक पुलीचा बोल्ट नवा घातला का तेही विचारा.

ऑइल चेंबर उघडलं होतं का, हेही विचारून घ्या. वाटी फुटली किंवा कॅमच्या कॅपचा तुकडा उडाला असेल तर त्याचे कण खाली जाऊन ऑइलच्या जाळीवर बसतात. हेडचं काम केल्यावर चेंबर न धुता नवं ऑइल ओतलेल्या गाड्या मी बघितल्यात. तुमचं ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघितला तर चमचम दिसते की नाही ते समजेल.

रॉड वाकलेलाच निघाला तर पुढं काय, हे पैशावर आणि ब्लॉकच्या अवस्थेवर आहे. सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा नसेल तर एक रॉड त्याच वजनाचा आणून घालता येतो. ओरखडा असेल तर हाफ इंजिनचा, म्हणजे हेडखालच्या अख्ख्या भागाचा हिशेब मांडावा लागेल, आणि तेव्हा गाडी ठेवायची की द्यायची हा घरचा प्रश्न होतो, गॅरेजचा राहत नाही. हेड पुन्हा उतरलं तर मशीन शॉपला फेसिंग मारायला देण्याआधी विचारा, या हेडला ते चालतं का. बऱ्याच डिझेल हेडना कंपनी घासायची परवानगी देत नाही, कारण हेड पातळ झालं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या अजून जवळ येतात.

गॅरेजवाल्यांशी भांडू नका. त्यांनी वाईट हेतूनं केलंय असं मला वाटत नाही. बहुतेक जण स्कॅनरवर इंजेक्टरचं करेक्शन जास्त दिसलं की इंजेक्टर वाईट म्हणतात. पण कंप्युटर जास्त डिझेल सोडतोय कारण तो सिलिंडर कमी ताकद देतोय. ताकद का कमी, हे त्या स्क्रीनवर लिहिलेलं नसतं. त्यांना एवढंच म्हणा, "साहेब, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि आठही टॅपेटचे गॅप मला कागदावर लिहून द्या, मग इंजेक्टरचं बोलू." नाही म्हणाले तर कोल्हापुरात डिझेलचं गेज आणि डायल गेज असलेली गॅरेजं पुष्कळ आहेत, आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीत हे होतं.

तोपर्यंत गाडी कागल-कोल्हापूर एवढीच चालवा, घाट नको, आणि दर दोन दिवसांनी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला डिझेलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी बंद करून ठेवा.